डाव्या हाताची गाठ

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा बरी रचली असती.

निदान रात्रीची तरी ठेवली असती. भुताखेतांचं काम रात्रीचं, असा सगळीकडे रिवाज आहे. आमच्याकडे ते दुपारी झालं, पांढऱ्याशुभ्र उजेडात. त्यामुळे कुणी विश्वास ठेवत नाही. ठेवू नका. पण ऐका.

तलाव चिल्दिर, तुर्कस्तानच्या ईशान्य टोकाचा. जानेवारी संपत आला होता. गावाचं नाव सांगत नाही. माझं सासर तिथून दोन डोंगरांपलीकडे आहे आणि मला अजून नांदायचंय.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. मी ट्युनिसहून आलेली स्वयंसेवक. बर्फामुळे गावात शिक्षक टिकत नव्हते, म्हणून एका संस्थेनं मला हिवाळ्यापुरतं मुलांना गणित शिकवायला पाठवलं होतं. आमच्या ट्युनिसमध्ये बर्फ सरबतात असतो. इथे माणसं त्याच्यावरून घोडे हाकत होती.

माझी सोय नबात आजींच्या घरी होती. घरात दोघीच. अंथरुणाला खिळलेल्या आजी आणि त्यांची सून गुलगेझ. गुलगेझचा नवरा मुर्सल आदल्या हिवाळ्यात बर्फ फुटून घोड्यासकट तलावात गेला होता.

वसंतात घोडा सापडला.

मुर्सल सापडला नाही.

आता कबरीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. त्या भागात थंडीत जमीन लोखंडासारखी होते. कुदळ उडून अंगावर येते. म्हणून हिवाळ्यात जे जातील त्यांच्या कबरी आधीच खणून ठेवतात. त्यात कोण जाणार हे ठरलेलं नसतं. म्हातारे येता-जाता एकमेकांना चिडवतात, "कासिम, ती डावीकडची तुझ्या मापाची दिसते रे!"

त्या वर्षी खोकल्याची साथ आली आणि खणलेल्या सगळ्या कबरी भरल्या. उरली एकच, आदल्या वर्षीची, मुर्सलसाठी राखलेली. वर फळ्या टाकून आजींनी ती झाकून ठेवायला लावली होती.

आणि गावात आता सगळ्यात आजारी कोण, तर आजी.

"बघ बाई," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "मी मेले की ही गाढवं मला माझ्या पोराच्या जागेत टाकणार. म्हणून मी मरत नाहीये."

"बरं करताय, आजी."

"बरं कसलं! कंटाळा आलाय. पण तो सापडेपर्यंत थांबायला हवं ना?"

दुसरी अडचण माझीच होती. मला अरबी येत होतं. आईशी बोलायचं तर मला तेवढंच येतं. पण गावाला वाटलं, बाई पोचलेली आहे. मी फोनवर आईशी लग्नावरून कडाकडा भांडत असे आणि शेजारणी दारात तळवे पसरून उभ्या. मी फोन ठेवला की म्हणायच्या, "आमीन."

त्यामुळे मी नुसती खोलीत शिरले तरी आजी दचकायच्या.

"यासीन वाचायला आलीस का?" मरणाऱ्याच्या उशाशी यासीनचा पाठ वाचतात, जीव सुखानं सुटावा म्हणून. "खबरदार! माझ्याजवळ एक अक्षर वाचलंस तर!"

"आजी, मी चहा आणलाय."

"चहा ठेव. तोंड मिटून ठेव."

माझ्यासाठी त्यांनी पडल्या पडल्या लोकरीचे हातमोजे विणले. विणून झाल्यावर म्हणाल्या, "हे घालून गुलगेझबरोबर बर्फावर जा. तिला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. गावातला कुणी येत नाही."

मी मुख्तारांना, म्हणजे गावप्रमुख तेमराझ काकांना विचारलं, "काका, गुलगेझवहिनीबरोबर कुणी का जात नाही?"

"जातात की."

"कोण?"

"सगळे गेलेत. एकेकदा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"बाई," ते म्हणाले, "तुमचा चहा थंड होतोय."

काम तसं सोपं होतं. बर्फाला दोन भोकं, मोठ्यानं ओरडलं तर हाक पोचेल एवढ्या अंतरावर. जाळं बर्फाखाली, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत. वहिनी एका भोकातून जाळं बाहेर घेणार. जाळ्याच्या शेपटाला बांधलेला दोर मी दुसऱ्या भोकातून सोडत जायचा. मासे काढून झाले की मी दोर ओढायचा आणि जाळं परत बर्फाखाली. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून बोलणं दोरानंच. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे ओढ.

पहिल्या दिवशी मासे बरे मिळाले. जाळं परत सोडायच्या आधी वहिनीनं कनवटीची कात्री काढली...

आणि जाळ्याला भोक पाडलं. चांगलं ताटाएवढं.

"वहिनी, हे काय?"

"उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी जाळं वर आलं. ती ते चाचपत गेली, थांबली, आणि माझ्यापुढे धरलं.

भोक नव्हतं.

सांधलेलं होतं. गाठीला गाठ लागून, नीट, घाई न करता.

"गाठी बघ," ती म्हणाली. "उलट्या आहेत. सगळं गाव उजव्या हातानं गाठ मारतं. मुर्सल डावखुरा होता."

मी गणिताची बाई. मला वाटलं, हिनंच हे केलंय, दुःखानं बिचारीचं डोकं फिरलंय. म्हणून त्या दिवशी मी स्वतः कात्री घेतली, स्वतः भोक पाडलं आणि तिची पाठ वळल्यावर त्याच्या कडेला माझ्या शालीचा लाल धागा बांधला. दिवसभर आणि रात्रभर ती माझ्या नजरेसमोर होती.

सकाळी लाल धागा जागेवर होता.

भोक नव्हतं.

तेमराझ काकांना माझा चहा थंड होताना का दिसला, ते मला तेव्हा कळलं.

मी पुन्हा जाणार नव्हते. पण आजींची छाती घरघरायला लागली होती. इमाम येऊन बघून गेले. मुख्तारांची माणसं कबरीच्या वाटेवरचा बर्फ काढून गेली. आजींनी फावड्यांचा आवाज ऐकला.

"आली गाढवं," त्या म्हणाल्या. मग सुनेचा हात धरला. "आण गं त्याला. मी थांबते. पण आता फार नाही."

वहिनी माझ्याकडे वळली.

"बाई, गाठ मारायला हात लागतात. हात आहेत म्हणजे तो आहे. आजचा दिवस चल. तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच पाया पडायला वाकली. मी मोजे चढवले. दोराच्या घर्षणानं दोन्हींचे अंगठे फाटले होते.

आदल्या दिवशी तिनं जाळ्याला माणूस जाईल एवढं भगदाड पाडून ठेवलं होतं.

त्या दुपारी धुकं उतरलं. वर पांढरं, खाली पांढरं. वहिनी तिच्या भोकाकडे गेली आणि थोड्याच पावलांवर दिसेनाशी झाली. मी माझं भोक पहारीनं फोडलं, दोर हातात घेतला आणि उभी राहिले.

वारा नव्हता. तलाव कण्हतो एरवी, बर्फ ताणला जातो तसा. तेही थांबलं होतं.

मग दोराला झटका बसला.

एक... दोन... तीन.

ओढ.

मी ओढायला लागले. जड होतं. पुन्हा तीन झटके. घाईचे नव्हते. रोजचं काम असल्यासारखे.

"वहिनी!" मी धुक्यात ओरडले. "जरा दम धरा!"

"काय गं?"

आवाज माझ्या पाठीमागून आला.

ती मागे उभी होती. रिकाम्या हातांनी.

"माझं भोक गच्च गोठलंय," ती म्हणाली. "पहार तुझ्याकडे राहिली. ती न्यायला आले."

माझ्या हातात दोर हलला.

एक... दोन...

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. दोराकडे बघत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"तीन."

मी माणसं घाबरलेली पाहिली आहेत. तिचा चेहरा तसा नव्हता. तो उजळला.

"तीन म्हणजे ओढ! तो ओढ म्हणतोय, बाई! उभी काय राहिलीस? ओढ ना!"

आम्ही दोघींनी ओढलं. ती रडत होती, हसत होती, मधेच त्याला शिव्या देत होती. "ये, मेल्या, ये! वर्ष झालं! म्हातारी तुझ्यासाठी अडून बसलीय! ये ना रे!" तिच्या हातांची सालं निघाली. वजन जवळ आलं... आणखी जवळ... अगदी बर्फाच्या कडेखाली आलं.

आणि थांबलं.

मग दोर उलटा जायला लागला.

हिसका नाही, झटापट नाही. सावकाश. तिकडेही कुणाला तरी तीन झटके कळले होते.

वहिनी पोटावर आडवी पडली आणि तिनं दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले.

"हात लागला," ती म्हणाली.

"वहिनी, सोडा!"

"बाई... गरम आहे."

"सोडा म्हणते ना!"

"हात गरम आहे त्याचा."

दोराचा वेढा तिच्या कमरेला पडला होता, ती घसरत होती. खांदे गेले. डोक्याचा रुमाल पाण्यावर पसरला. मी तिच्या कमरेचा पट्टा धरला, तर मीही घसरायला लागले. पायाखाली धरायला काही नव्हतं. तिच्या पट्ट्यालाच दोर कापायचा सुरा असे.

तिला कळलं.

"कापू नकोस! तुझ्या आईची शपथ, बाई! कापू नकोस!"

मी कापला.

दोराच्या वेढ्यात माझा डावा मोजा अडकला होता. तोही गेला.

ती बाहेर आली ती गप्पच. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. त्या पाण्यात ते निळे व्हायला हवे होते. मी तिला उठवलं, शाल गुंडाळली, ओढत निघाले. वाटेत तिचं भोक लागलं. ते खरंच गच्च गोठलेलं होतं. पण ज्या खुंटीला जाळ्याचं टोक बांधलेलं असे ती मोकळी होती. दोर तुटला नव्हता.

कुणीतरी गाठ सोडवली होती.

आणि मग पायाखाली...

टक.

आम्ही थांबलो. तेही थांबलं. आम्ही चाललो.

टक... टक...

बर्फाच्या खालून. आधी मागे होतं, मग सोबतीला, मग पुढे. काठापर्यंत गेलं. काठावर, कबरस्तानाच्या चढाखाली, बंद झालं.

घरी शेगडीत गोवऱ्या धुमसत होत्या. आजींचे डोळे उघडे होते.

"आला?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. उत्तर द्यायला मीच होते.

"येतोय, आजी."

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मुलांची चोरी पकडायचा माझा धंदा. पण तशी नजर मला कधी जमली नाही.

"मागे वळून पाहिलंस?"

"पुढे आहे तो. आमच्या आधी पोचलाय."

"हं," आजी म्हणाल्या. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हनुवटीखाली नीट बांधला. "मग आता वाच."

मला पाठ होता तेवढा वाचला. संपायच्या आधीच घरघर थांबली होती.

सकाळी गावातले पुरुष कबरीवर गेले. बाया तिथे जात नाहीत. पण वहिनी चालायला लागली आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. मी तिच्या मागे.

फळ्यांवर गुडघाभर बर्फ होता. रात्रभर पडलेला, अस्पर्श. पक्ष्याचंसुद्धा पाऊल नाही. तेमराझ काकांनी स्वतः फावडं घेतलं. बर्फ काढला. फळ्या उचलल्या...

इमाम एक पाऊल मागे सरले.

तळाशी जाळं होतं.

घडी घातलेलं, कोळी घालतात तसं. ओलं. बाहेर टाकलेली थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठत होती आणि त्या जाळ्यातून पाणी ठिबकत होतं. कडेला माझा लाल धागा. परवाच्या भगदाडाच्या जागी गाठीच गाठी, उलट्या.

वर माझा मोजा ठेवलेला.

"काढा ते," इमाम म्हणाले.

"काढा की," तेमराझ काका म्हणाले.

"मुख्तार तुम्ही आहात."

"इमाम तुम्ही आहात."

एरवी मी हसले असते.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलली. "राहू दे. आईंना जरा एका अंगाला ठेवा. दोघांची जागा आहे."

तिनं वाकून तेवढा मोजा उचलला आणि माझ्या हातात दिला. फाटलेला अंगठा जाळ्याच्या दोऱ्यानं सांधलेला होता.

आजींना एका अंगाला ठेवलं. माती टाकली. वहिनी पुन्हा बर्फावर गेली नाही. माझ्याशी बोलली मात्र नाही, आजतागायत. बाजारात दिसते. माझ्या हातांकडे बघते आणि रस्ता बदलते. तो हात खरंच गरम होता की नाही एवढंच मला तिला विचारायचंय. धीर होत नाही.

तो मोजा मी लग्नाआधीच तलावाकाठी दगडाखाली पुरून टाकला. घरात नको वाटला. उजवा मात्र ठेवला, आजींची आठवण म्हणून. तो पाण्यात कधी गेलेला नाही. त्याचा अंगठा फाटलेला होता आणि मी तो मुद्दाम तसाच ठेवला. इतकी वर्षं पेटीच्या तळाशी आहे.

गेल्या आठवड्यात तलाव गोठला. जाड कपडे काढायला मी पेटी उघडली.

अंगठा सांधलेला आहे.

नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "अगं, तूच शिवला असशील कधीतरी. विसरलीस."

असेल. वय झालंय, मी खूप काही विसरते.

पण गाठी उलट्या आहेत.

आणि मी उजव्या हाताची आहे.