अंबूबाईंच्या अंगणातलं धुकं

प्रांजल शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं हवेत लोंबकळत होतं, आणि ते धरायला आसपास कुणी नव्हतं. एप्रिलची दुपार. विट्यातल्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. तेवढ्यात गेट वाजलं. खांद्याला बॅग, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट – असा एक उंचसा तरुण आत आला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"जरा हे टोक धरता का?" ती वरूनच म्हणाली. "त्या खांबापाशी. ताणून धरा, पण ओढू नका. मी शिडीवर हाय."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि टोक धरलं.

"तुमी इथलेच का?"

"व्हय. इथलाच."

"मग सांगा, या घरातला मुलगा कसा हाय हो?"

"का?"

"आवं, तिकडं सेलमला बसून रोज फोन. एक दिवस म्हणतो पाइप भिंतीला लावा, दुसऱ्या दिवशी म्हणतो भिंतीला नको, रंग खराब होईल. आईला किती ऊन लागतंय ते एकदा इथं येऊन बघावं की माणसानं."

"बघायला पायजे," तो गंभीरपणे म्हणाला. "खरं हाय तुमचं."

आतून अंबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"रवी? आरं, कवा आलास तू? कळवायचं तरी..."

शिडीवरून खाली उतरावं, की पत्र्यावर चढून पलीकडच्या गल्लीत उडी टाकावी – प्रांजलला कळेना. शेवटी ती उतरली, कारण टेपचं दुसरं टोक अजून त्याच्याच हातात होतं. त्यानं ते तिच्याकडे दिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं.

"भिंतीला नकोच," तो म्हणाला. "रंगाचं काय न्हाई. आता बघितलं तर खांबच बरं वाटत्यात."

रविराज सेलमला गलाईच्या दुकानात होता. जुने दागिने भट्टीत वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हे त्याच्या वडिलांनीही जन्मभर केलेलं काम. विट्याच्या घराघरातले पुरुष याच कामासाठी दूरदूरच्या शहरांत असतात. वडील तिकडेच वारले, मग दुकान त्यानं सांभाळलं. त्या पैशातून विट्याला नवा बंगला उभा राहिला आणि समोरच्या अंगणावर पत्र्याचं शेड आलं. तिथंच घोटाळा झाला. अंबूबाईंच्या अंगणात रोज दुपारी गल्लीतल्या बायका जमायच्या. कुणी धान्य निवडायचं, कुणी वाती वळायचं, आणि सगळ्या मिळून बोलायच्या. पत्रा तापायला लागला तशा बायका एकेक करून यायच्या थांबल्या. रविराजनं हॉलमध्ये एसी बसवला. पण अंबूबाईंना बंद खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, आणि तिथून रस्ता दिसायचा नाही. मग कुठल्याशा हॉटेलच्या अंगणात बारीक धुकं सोडून हवा गार केल्याचा व्हिडिओ त्यानं पाहिला, आणि शोधत शोधत त्याचा फोन पलूसच्या दुकानात आला.

ते दुकान प्रांजलच्या वडिलांचं, नानासोंचं. ठिबकचे पाइप, पंप, पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर. नानासोंचे गुडघे दुखायला लागल्यापासून बाहेरची कामं प्रांजलच करायची. रोपवाटिका, पोल्ट्रीची शेडं – तालुक्यात तिनं किती तरी ठिकाणी फॉगर बसवले होते. माणसांसाठी मात्र पहिल्यांदाच बसवत होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी अख्खी गल्ली जमली. पलीकडच्या लीलाबाई तर स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. प्रांजलनं कॉक फिरवला... आणि धुक्याऐवजी पत्र्याखालून चक्क पाऊस सुरू झाला. टपोरे थेंब बायकांच्या डोक्यावर, खुर्च्यांवर, आणि अंगणाच्या कडेला बाजेवर वाळत घातलेल्या अंबूबाईंच्या कुरडयांवर. तिनं धावत जाऊन कॉक बंद केला, तोवर कुरडयांचा लगदा झाला होता.

"पोरी," लीलाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "पावसाळ्याला अजून वेळ हाय गं."

बायका हसल्या. प्रांजलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पाण्याला दोष देता आला असता, पंपाला देता आला असता. तिनं ओढणीनं हात पुसले.

"माझं चुकलं," ती अंबूबाईंना म्हणाली. "पोल्ट्रीत बसवते तसलेच फॉगर इथं लावले मी. कोंबड्यांना थेंब चालतो. माणसांना न्हाई चालत. हे सगळं काढून नेते आणि नीट करून आणते. आणि कुरडया... त्या मी करून देते."

"तुला येत्यात कुरडया?" अंबूबाईंनी विचारलं.

"न्हाई."

अंबूबाई हसल्या. बायका पांगल्या. प्रांजल बाजेपाशी बसून लगदा गोळा करायला लागली, तेव्हा दुसऱ्या बाजूनं आणखी दोन हात आले. त्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या.

"तुमी राहू द्या," ती खाली बघत म्हणाली.

"का? सोनं वितळवणाऱ्याला कुरडया उचलता येत न्हाईत व्हय?"

तिनं वर पाहिलं. तो तिची टिंगल करत नव्हता... किंवा करत असेल तर फार हळुवारपणे करत होता.

धुकं पडायचं तर पाणी जोरानं आणि अगदी बारीक भोकातून यायला हवं होतं. म्हणजे जास्त प्रेशरचा पंप, पितळेचे छोटे नोझल, आणि बोअरचे क्षार अडवायला फिल्टर. तो पंप सांगलीशिवाय मिळणार नव्हता. "मी येतो, गाडी हाय," रविराज म्हणाला. ती नको म्हणणार होती. म्हणालीच नाही.

सांगलीत पंप लगेच मिळाला. तरी परत निघायची घाई दोघांनाही नव्हती. भडंगाची पुडी घेऊन ते कृष्णेच्या घाटावर बसले. उन्हं कलली होती. पाणी कमी होतं, पण वारा त्यावरून येत होता.

"तुमाला सेलम आवडतं?" तिनं विचारलं.

"दुकान आवडतं. मूस भट्टीतून काढली की आत सोनं कसं हलतं... दुधावर साय हलती तसं. ते बघायला आवडतं." त्यानं पुडी तिच्यापुढे केली. "बाकी दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं. संध्याकाळी खोलीवर जायचं. आईला फोन करायचा. आई म्हणती, सगळं बरं हाय. मी म्हणतो, इकडंबी बरं हाय."

"आणि असतं का बरं?"

"दोघंबी खोटं बोलतो." तो हसला. "तुमचं सांगा. कॉलेज झाल्यावर पुण्याला का न्हाई गेला?"

"गेले होते. नोकरी होती. एका केबिनमध्ये बसून दुसऱ्यांनी काय विकलं ते कॉम्प्युटरवर भरायचं." तिनं एक शेंगदाणा वेगळा काढून तोंडात टाकला. "इथं मी पाइप जोडला की तिथल्या तिथं पाणी येतं. ते मला आवडतं."

"कधीकधी जरा जास्तच येतं."

तिनं त्याच्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला. जमला नाही. मग दोघंही नदीकडे बघत राहिले, आणि पुडी संपली तरी पुडीतच हात घालत राहिले... एकदा बोटांना बोटं लागली. कुणीच हात चटकन मागे घेतला नाही.

यावेळी प्रांजलनं चाचणीला कुणाला बोलावलं नाही. नोझल पत्र्याच्या कडेनं उंचावर लावले, मागे एक पंखा ठेवला. पंप घरघरला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पांढरं, विरळ, हलकं असं काहीतरी खाली उतरायला लागलं. जमिनीवर पोचायच्या आतच ते विरून जात होतं. फरशी कोरडी. हवा गार. अंबूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तळवा वर केला, उलटा केला, पुन्हा वर केला.

"महाबळेश्वरात बसल्यागत वाटतंय गं," त्या म्हणाल्या.

रविराज धुक्याच्या पलीकडे उभा होता. त्याच्या केसांवर बारीक थेंब जमले होते. तो नोझलकडे नाही, प्रांजलकडे बघत होता. तिनं पाना उगाचच पिशवीत टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

दोन दिवसांत अंगण भरलं. लीलाबाई सकाळीच येऊन जागा धरायला लागल्या. प्रांजल काहीतरी निमित्त काढून यायची. कधी फिल्टर बघायचा, कधी नोझल. अंबूबाई तिला शेजारी बसवून कुरडयांचा चीक कसा ढवळायचा ते शिकवायच्या. पण रविराज मात्र आता आतच असायचा. बाहेर आला तर दोन शब्द बोलून निघून जायचा. घाटावरचा माणूस तो हाच का, असं तिला वाटायचं. ज्या जत्रेसाठी तो गावी आला होता, ती झाली. आता तो उद्या जाणार, असं अंबूबाईंनी सांगितलं, तेव्हा प्रांजलच्या हातातला सोऱ्या थांबला.

ती उठून सरळ मागच्या अंगणात गेली. तो पंपाशेजारी उभा होता.

"माझं काय चुकलं का?" तिनं विचारलं. "चुकलं असलं तर सांगा. मला चूक ऐकायची सवय हाय."

"तुमचं न्हाई काय."

"मग बोलत का न्हाई?"

त्यानं पंपावर हात ठेवला. समोरच्या अंगणातून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"बोललो तर विचारून बसंन," तो म्हणाला. "आणि मला विचारायचं न्हाई. माझी आई लग्न करून आली तवा एकवीस वर्साची होती. वडील वर्सातनं एकदा यायचे. आईनं सगळं आयुष्य त्या रस्त्याकडं बघत काढलं. त्या खुर्चीवर मला दुसरी बाई बसवायची न्हाई. आणि तिकडं न्यावं म्हटलं, तर तुझं दुकान... तू तिकडं त्या खोलीत काय करशील?"

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. त्याला ते कळलंही नव्हतं. प्रांजलला कळलं. छातीत काहीतरी गरम, मऊ असं हललं. पण आवाज तिनं स्थिर ठेवला.

"मी सेलमला येणार न्हाई," ती म्हणाली. "आणि इथं बसून वाटबी बघणार न्हाई."

"तेच म्हणतोय मी."

"माझं संपलं न्हाई." ती एक पाऊल पुढे आली. "तुमी परत या."

"काय?"

"परत या. तुमाला कुणी म्हटलंच न्हाई का कधी?"

त्यानं कपाळावर हात फिरवला. "धनाजी... माझा चुलतभाऊ... दुकान मागतोय कवापासनं. आणि सोन्याचा कस लावायचं काम सांगलीच्या सराफांकडंबी असतं. मी बघितलेलं हाय. पण कुणासाठी यायचं, हेच..." तो थांबला. "सहा महिने तर लागतील. जास्तबी."

"लागू द्यात. माझ्यासाठी यायचं असलं तर लागू द्यात."

"तुझ्यासाठीच," तो हळूच म्हणाला. "दुसरं कुणासाठी?"

मग ती हसली, आणि तोही. पंप घरघरत होता म्हणून बरं – नाहीतर पुढचं काही अंगणातल्या बायकांनी ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलूसच्या दुकानात गर्दी होती. प्रांजल एका शेतकऱ्याला पाइपचं वेटोळं काढून देत होती, तेव्हा दारात गाडी थांबली. अंबूबाई उतरल्या, इरकली लुगडं सारखं केलं आणि नानासोंसमोरच्या बाकावर बसल्या. रविराज मागे उभा राहिला. बॅग गाडीत होती. बस दुपारची होती.

"नानासो," अंबूबाई म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं माझ्या पोराला परत ये म्हटलंय."

नानासोंनी चष्मा काढला. प्रांजलनं मान वर केली नाही.

"माझा मालक तीस वर्सं त्या गावात राहिला," अंबूबाई सांगत होत्या. "दर खेपंला मी त्याचा डबा बांधला. पापड बांधलं, चटणी बांधली. तुमी परत या, एवढं दोन शब्द मला म्हणता आलं न्हाईत. लाज वाटायची. लोक काय म्हणतील, तो काय म्हणंल. आणि ही पोर..." त्या थांबल्या. डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. "ही पोर मला सून म्हणून द्या. सहा महिन्यांनी माझा पोरगा ह्या जिल्ह्यात असंल. मी जबाबदार."

नानासोंनी लेकीकडे पाहिलं. "काय गं? हे खरं हाय?"

दुकानातले सगळे थांबले होते. वेटोळ्याचं एक टोक शेतकऱ्याच्या हातात होतं, आणि तोही उत्तराची वाट बघत होता. प्रांजलनं रविराजकडे पाहिलं. तो गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यातली एकेक चावी उगाचच मोजत होता.

"व्हय नाना," ती म्हणाली. "मीच म्हटलंय."