न गुरगुरणारा काजळ

"पाठ फिरवून बसलाय, पण कान बघ," खार म्हणाली. "आपलं सगळं ऐकतोय तो."

"ऐकू दे. आपण काय त्याच्या विरोधात साक्ष देतोय?" तिचा मोठा भाऊ म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून घरात त्याला वकील म्हणत. खारीला खार का म्हणत, ते तिचे पुढचे दोन दात पाहिले की कुणालाही कळे.

जाळीपलीकडे काजळ बसला होता. काळाकुट्ट, छातीने रुंद, एका कानाचा शेंडा तुटलेला. बाकीच्या अकरा पिंजऱ्यांतली कुत्री सकाळपासून भुंकून घसे बसवत होती. काजळचा आवाज मात्र इथे येऊन नऊ दिवस झाले तरी कुणी ऐकला नव्हता, आणि मावशीला भीती वाटत होती ती त्याचीच.

मावशीची ही शाळा चावऱ्या कुत्र्यांची. सगळीकडे हात टेकले की लोक आपलं कुत्रं घेऊन इथे येत. अंगणात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे रंगवलेले होते आणि हिरव्याच्या पुढे पाऊल टाकायची मुलांना सक्त मनाई होती. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मावशीने तिघांना ओळीत उभं करून सांगितलं होतं, "गुरगुरणारं कुत्रं भलं. ते बिचारं सांगतं तरी की लांब राहा. त्यावरून त्याला कधी रागावायचं नाही. जे सांगतच नाही, त्याला घाबरायचं."

काजळ सांगत नसे. ज्या गृहस्थांनी त्याला घरी नेलं होतं, त्यांना तो दोनदा चावला होता. तिसऱ्यांदा त्याच्या दातांत त्यांच्या चार वर्षांच्या मुलीची बाही आली. नशीब थोर, म्हणून हात वाचला. मावशीच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, 'पाहुण्यांसमोर गरीब गाय. घरच्यांवर धावतो. विनाकारण.'

आणि काल संध्याकाळी त्याने मावशीचा हात फोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सात टाके पडले. रात्री जेवताना मावशी डाव्या हाताने खात होती आणि कुणाकडे बघत नव्हती. "उद्या चार वाजता डॉक्टर येतायत," एवढंच ती म्हणाली. जनावरांचे डॉक्टर काजळसाठी इंजेक्शन घेऊन येणार होते. ते कसलं, हे विचारायची खारीची हिंमत झाली नाही. तिला रात्रभर झोप आली नाही.

आता सकाळचे दहा वाजले होते.

"विनाकारण कुणी चावत नाही, असं मावशीच म्हणते ना," खार म्हणाली. "मग कारण आहे. आपल्याला दिसलेलं नाही, इतकंच."

तिने वही उघडली. नऊ दिवस माडीच्या खिडकीत बसून तिने काजळचं सगळं टिपलं होतं. वेळ. कोण होतं. अंगात काय, हातात काय, किती पावलांवर. टोपी, काठी, बूट, बादली, सगळं तपासून झालं होतं, आणि कशाचा कशाला मेळ बसत नव्हता.

"कालचं पुन्हा करून बघू," वकील म्हणाला. "पोपट, ये इकडे."

पोपट म्हणजे मावशीचा आठ वर्षांचा मुलगा. कुणी काही बोललं की ते आवाजासकट जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, ही त्याची खोड. त्यापायी शाळेत कितीदा अंगठे धरून उभा राहिला असेल, त्याची गणती नाही.

मावशी मदतनीस ताईशी बोलताना करते तशी पोपटने मान तिरकी केली. "'चल गं, आज इतकं बस. ही दोरी धर, मी दार लावते.' आणि मग आई ओरडली."

"मंगळवारी? मदतनीस ताई तुला भांडं देत होती तेव्हा?"

"'पोपट, नीट धर रे, सांडशील.' आणि काजळ जाळीवर आला, धाडकन."

खारीचं पेन थांबलं. मग तिने त्या गृहस्थांचा फॉर्म काढला. पहिल्यांदा चावला तेव्हा बायको त्यांच्या हातात छत्री देत होती. दुसऱ्यांदा पिशवी. तिसऱ्यांदा आई मुलीला बाहुली देत होती. सगळीकडे कुणीतरी कुणालातरी काहीतरी देत होतं.

"'धर'," ती हळूच म्हणाली. "देताना आपण 'धर' म्हणतो."

"हरकत आहे," वकील म्हणाला. "पिंजरे धुणाऱ्या आजोबांना दिवसभर हेच सांगतात. बादली धरा, नळी धरा. काजळ ढिम्म हलत नाही."

"पुन्हा म्हण."

"काय? बादली धरा."

"धरा. 'धर' नाही, 'धरा'." खारीने दोन्ही शब्द वहीत लिहिले. "आजोबांना आपण 'धरा' म्हणतो. पाहुण्यांनाही. 'धर' म्हणतो ते फक्त घरच्यांना. म्हणून तो फक्त घरच्यांवर धावतो."

मावशीने ऐकून घेतलं आणि ती तडक पिंजऱ्यापाशी गेली. लाल पट्ट्यावर उभी राहून, जाळीबाहेरूनच, साध्या आवाजात म्हणाली, "धर."

काजळ उडाला. ना भुंकणं, ना गुरगुरणं. अख्खी जाळी हादरली, आणि शेजारची अकराच्या अकरा कुत्री एकदम चूप झाली. मावशी स्टुलावर बसली.

"हा चावरा नाही रे," ती म्हणाली. "हा शिकवलेला आहे. आणि गुरगुरला की मार खाल्लाय याने. चोराला सुगावा लागू नये, म्हणून."

"मग डॉक्टरांना सांग ना!" खार म्हणाली.

"सांगेन. ते विचारतील, सोडायचा शब्द कुठला? धरायचा शब्द शिकवलाय म्हणजे सोडायचाही असणार. तो हातात असेल तर मी याला बदलू शकते. तो नसताना, लहान मुलगी आहे त्या घरात याला कुठल्या तोंडाने पाठवू?"

काजळला त्या गृहस्थांच्या गळ्यात मारणारा माणूस एका गोदामाचा मालक होता. मावशीने त्याला फोन लावला. "छे हो, मी कशाला काय शिकवू?" पलीकडून आवाज आला. "जन्माचा माथेफिरू आहे तो. कागदावर नाव अजून माझंच आहे, तर चारला येतोच आहे सही करायला. एकदाचं उरकून टाका."

मावशीने फोन ठेवला. मग वकिलाने घसा साफ केला. "सांगणार नाही तो. पण तोंडातून निसटलं तर?"

पावणेचारला डॉक्टर आले. त्यांनी आपली काळी बॅग टेबलावर ठेवली, आणि खारीची नजर काही केल्या तिच्यावरून हटेना. मागोमाग ते गृहस्थ आले, डोळे सुजलेले. शेवटी गोदामवाले आले. "कुठे सही करू?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"दोन मिनिटं. शेवटची चाचणी आहे, नियम असतो," मावशी म्हणाली. तिने चांगल्या हातात जाड कापडी बाही चढवली, वर छातीला गादीचं जाकीट बांधलं आणि जाळीचं दार उघडून आत गेली. काजळ लांब दोरीने लोखंडी खांबाला बांधलेला होता. मुलं बाहेर, हिरव्या पट्ट्यावर. गोदामवाले त्यांच्या शेजारी, घड्याळ बघत.

चुकलं तर मावशीचा दुसराही हात जाईल, आणि काजळ तर जाईलच. तिने हातातली पिशवी उचलली.

"पोपट," ती म्हणाली, "ही जरा धर."

काजळ एका झेपेत मावशीच्या बाहीला लटकला. मावशी गुडघ्यावर आली. दोरी ताणली, गादीच्या कापडाचा टर्रकन आवाज झाला. ते गृहस्थ ओरडले, डॉक्टर धावले, आणि गोदामवाल्यांच्या तोंडून सवयीने, खणखणीत शब्द निघाला:

"झालं!"

काजळचा जबडा उघडला. तो मागे सरला, दोरी पुरेल तेवढा गोदामवाल्यांच्या दिशेने आला आणि त्यांच्या समोर खाली बसला. मार चुकवावा तशी त्याने मान आत ओढून घेतली होती.

मावशी उठून उभी राहिली.

"काका," वकील म्हणाला, "तुम्ही तर काही शिकवलं नव्हतं. मग याने कुणाचं ऐकलं?"

गोदामवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते गृहस्थ त्यांच्याकडे वळले. "माझ्या पोरीचा हात गेला असता. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?" डॉक्टरांनी गोदामवाल्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि कोरा कागद पुढे केला. काय शिकवलं, कसं शिकवलं, ते सगळं त्यांच्याकडून लिहून घेतलं. मग स्वतःची काळी बॅग उचलून गाडीत ठेवून आले. खारीला तेव्हा कुठे रडू फुटलं.

पुढचे चोवीस दिवस मावशीच्या घरात 'धर' म्हटलं की काजळच्या पुढ्यात खाऊचा तुकडा पडे. आधी लांबून, जाळीआडून, कुजबुजत. मग जवळून. मग मोठ्याने. त्या शब्दावर झेप न घेता मावशीच्या तोंडाकडे बघायचं असतं, हे त्याला हळूहळू कळलं. मार मात्र विसरला नव्हता. आवाज अजून नव्हताच.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी खार निरोप घ्यायला गेली. काजळ आपल्या भांड्यात तोंड घालून खात होता. घाईत, रडवेल्या डोळ्यांनी, ती हिरवा पट्टा विसरली. पिवळाही विसरली.

काजळने मान वर केली. ओठ थरथरला. आणि छातीच्या तळातून, गंजलेलं दार उघडावं तसा, एक खरखरीत आवाज आला.

खार जागच्या जागी थांबली आणि हळूच दोन पावलं मागे सरली. काजळ थांबला, तिच्याकडे बघत राहिला. आणि पुन्हा खाऊ लागला.

मागे मावशी दारात उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"शाब्बास, काजळ," ती म्हणाली. मग खारीच्या डोक्यावर तिने तो टाके पडलेला हात ठेवला. "आणि तूही. नऊ दिवस मी त्याचे दात बघत बसले, आपण काय बोलतो ते तुम्ही ऐकलंत. आता वहीत लिही."

खारीने वही उघडली आणि वेळ घातली. तिने एकच शब्द लिहिला.

'गुरगुरला.'