कोणाचीच नसलेली सावली

माझ्या हातात पक्कड होती आणि खिशात टेस्टर, एवढंच. भूत बघायला कोणी पक्कड घेऊन जात नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं फोन केला होता, "काका, जरा वर येता का? माझ्या टेबलावरच्या दिव्याचं काहीतरी बिघडलंय." मी चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली आहेत. दिवा बिघडला म्हटलं की मी जेवणाच्या ताटावरूनही उठतो. मी गेलो.

तारीख सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही फाटे फोडायला नकोत. गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. जिना चढताना मी मुद्दाम घड्याळ बघितलं, कारण मला त्याच्यावर चिडायचं होतं.

काय गं, हसायला काय झालं? आणि तो मोबाइल उलटा ठेव. खालून उजेड येतोय तर तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय.

तर हा भाडेकरू. पस्तिशीचा, एकटा, दाढी वाढलेली. आम्ही सगळे त्याला दिवेवाला म्हणायचो. का, तर तो कॉम्प्युटरच्या खेळांमध्ये दिवे लावायचा. खेळात जे राजवाडे, गुहा, जंगलं असतात ना, तिथं उजेड कुठून पडणार, किती पडणार, ते ठरवायचं. मी त्याला म्हणायचो, "लेका, आपण एकाच धंद्यातले. फक्त तुला शॉक बसत नाही." तेव्हा तो हसायचा. त्या महिन्यात मात्र त्याचं हसू आटलं होतं.

त्याच्याकडे एक जुना खेळ आला होता. एकवीस वर्षांपूर्वीचा. जादूगार, ड्रॅगन, सात राज्यं, सगळा मसाला.

"तो मनोऱ्याचा? काका, तो मी खेळलोय!"

खेळला असशील. म्हणून तर सांगतोय, मध्ये बोलू नकोस. तो खेळ पुन्हा नव्यानं बाजारात आणायचा होता. अट अशी, की उजेड नव्या पद्धतीचा हवा, पण खेळ दिसायला जुन्यासारखाच राहिला पाहिजे. आता हे त्यानं मला समजावलं तसं सांगतो. जुन्या खेळात उजेड खरा नसायचा. चित्रकार बसून फरशीवर पिवळा रंग लावायचा, सावल्या हातानं काढायचा. नव्या पद्धतीत तुम्ही दिवा ठेवला की उजेड आणि सावली आपोआप पडते. म्हणून आधी त्या हातानं काढलेल्या सावल्या पुसायच्या. नाहीतर एका खांबाला दोन सावल्या, आणि लोक हसणार.

आणि त्या जुन्या सावल्या कोणी काढल्या होत्या, ठाऊक आहे? त्याच्या सख्ख्या मोठ्या भावानं. दादा म्हणायचा तो त्याला. बारा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, दादानंच याला वाढवलं, हातात पेन्सिल दिली. नऊ वर्षांपूर्वी दादा गेला. मागे उरलं काय, तर एक टेबलावरचा लोखंडी दिवा, वाकड्या मानेचा, आणि हा खेळ. म्हणून यानं हातापाया पडून ते काम मागून घेतलं होतं. दुसऱ्या कोणी दादाचा हात पुसून टाकू नये, एवढ्यासाठी.

मी वर गेलो तर हा दारातच उभा. डोळे लाल.

"काका, काकू झाडायला येतात तेव्हा माझा दिवा हलवतात का?"

"का रे?"

"मी तो टेबलावर उजवीकडे ठेवतो. जरा उठून आलं की तो मागच्या फडताळावर असतो. डावीकडे. आज चौथी वेळ."

"तुझी काकू रात्री अकराला झाडू मारते असं तुला वाटत असेल तर तू तिला ओळखत नाहीस."

तो हसला नाही. धपकन खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. अरे, काय वैताग होता त्या पोराला! सगळा खेळ झाला होता. एक खोली अडली होती. मनोऱ्यातली सगळ्यात वरची. खिडकीत एक दिवा, जवळ एक रिकामं स्टूल, बस. खेळणारा लढून थकला की तिथं येऊन टेकतो. ती खोली त्यानं अकरा वेळा उजळून पाठवली होती आणि तपासणाऱ्या बाईंनी अकरा वेळा परत केली होती.

"मुळासारखी नाही म्हणतात. मी म्हटलं, काय नाही ते सांगा. रंग? तोही मोजून दिला. दिवा? जागचा हलवलेला नाही. तर म्हणाल्या, ते सांगता येत नाही, पण खोली थंड झालीय. थंड! आता थंडीचं बटण कुठे असतं, काका?"

"मग?"

"मग उद्या सकाळी नऊपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर ती खोलीच खेळातून काढून टाकणार. जिन्यालाच कुलूप घालणार." त्यानं डोळे चोळले. "दादाची सगळ्यात आवडती खोली होती ती. मी वाचवायला आलो, आणि माझ्याच हातून चाललीय."

समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. जुन्या खेळातल्या त्या खोलीचं छापलेलं चित्र, बाईंनी पहिल्याच दिवशी नमुना म्हणून दिलेलं. मी चष्मा लावला आणि नीट बघितलं. स्टुलापाशी फरशीवर एक सावली होती. बसलेल्या माणसाची. पोटाशी काहीतरी गाठोडं धरल्यासारखं. एकच सावली. हे लक्षात ठेवा.

"ही कोणाची रे? स्टुलावर तर कोणी नाही."

"कोणाचीच नाही. चूक आहे ती. पुसली मी."

"आणि दिवा खिडकीत, मग सावली खिडकीकडे कशी पडली? ती उलटीकडे पडायला हवी. उजेड मागून आलाय हा."

"म्हणूनच पुसली ना, काका!" तो असा ओरडला की खालून तुमच्या काकूनं काठी आपटली. मग बिचारा ओशाळला. म्हणाला, "तो दिवा घेऊन जा तुम्ही. डोक्याला ताप झालाय."

मी दिवा तपासला. प्लग ठीक, वायर ठीक, होल्डर ठीक. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हटलं. पण त्याचं समाधान व्हावं म्हणून बल्ब काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. वायर दिव्याच्या मानेला गुंडाळली आणि दिवा दाराजवळच्या कपाटावर ठेवून दिला. खाली आलो, सदरा खुंटीला अडकवला, झोपलो. खिशात बल्ब तसाच.

पुढचं त्यानं मला सकाळी सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

तो एकटाच बसला होता. खोलीतला मोठा दिवा बंद, फक्त समोर कॉम्प्युटर. बारा झाले. एक झाला. त्यानं खिडकीतला दिवा मोठा केला, लहान केला, पिवळा केला, केशरी केला. खोली थंडच. दोन वाजता त्यानं टेबलावर मूठ आपटली. मेलेल्या भावाला शिव्या दिल्या. "दादा, असं कसं रंगवून ठेवलंस रे! एक ओळ लिहून ठेवायचीस! मला काय कळणार!" असं तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मग त्याला रडू आलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या हातांवर उजेड पडला.

पिवळा.

मागून. डाव्या खांद्यावरून.

त्याला वाटलं, रस्त्यावरची गाडी असेल. गाडीचा उजेड सरकतो. हा सरकला नाही.

तो वळला नाही. मला म्हणाला, "काका, मान वळतच नव्हती." त्यानं समोरच्या कॉम्प्युटरच्या काळ्या कडेत बघितलं. तिथं जरासं प्रतिबिंब दिसत होतं. मागचं फडताळ. त्यावर दिवा. वाकड्या मानेचा. वायर मानेला गुंडाळलेली... तशीच.

लागलेला.

बल्ब कुठे होता? माझ्या सदऱ्यात. खाली. खुंटीला.

नको, ट्यूब लावू नकोस. ऐक.

तो बसून राहिला. किती वेळ, त्याला माहीत नाही. मग त्याला आठवलं. लहानपणी हा चित्र काढायचा आणि चुकायचा, तेव्हा दादा रागवायचा नाही. काही बोलायचाच नाही. नुसता दिवा उचलून दुसरीकडे ठेवायचा. आधी उजेड कुठून येतो ते बघ, मग रेघ मार. ही त्याची शिकवण.

चार वेळा दिवा मागे ठेवला होता. डावीकडे.

त्यानं हात पुढे केला. खेळातल्या त्या खोलीत, मागे, डावीकडे, जिथं काहीच नाही... तिथं एक दिवा लावला. न दिसणारा. नुसता उजेड.

आणि खोली उबदार झाली, रे. एका क्षणात. अकरा वेळा जे झालं नाही ते.

पण स्टूल रिकामं दिसत होतं. काहीतरी राहिलं होतं.

माउस धरून धरून त्याचं उजवं मनगट भरून आलं होतं. त्यानं हात दुमडून पोटाशी धरला. समोरच्या भिंतीवर, त्या कागदाच्या शेजारी, त्याची सावली पडली होती. बसलेली. पोटाशी गाठोडं धरल्यासारखी.

त्यानं कागदातल्या सावलीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या.

मग त्याला सगळं आठवलं. चौदा वर्षांचा होता तो. सायकलवरून पडून उजवा हात मोडलेला, प्लास्टर, गळ्यात झोळी. शाळा बंद, कंटाळा. दादानं त्याला एका संध्याकाळी स्टुलावर बसवलं, हाच दिवा मागच्या फळीवर ठेवला, आणि जमिनीवरच्या सावलीचा फोटो काढला. कशाला, ते सांगितलं नाही. याची चुळबुळ चाललेली. दादा मागून म्हणाला होता, "हलू नकोस. मी मागेच आहे."

आपलीच सावली होती ती. दादानं जपून ठेवलेली. आणि यानं 'कोणाचीच नाही' म्हणून स्वतःच्या हातानं पुसली होती.

त्यानं जुन्या फायलीतून ती सावली परत आणली. स्टुलापाशी ठेवली. बरोबर बसली.

तेवढ्यात खुर्चीची पाठ किंचित मागे गेली.

जसं कोणी... हात टेकला.

त्यानं भिंतीवर बघायचं नाही असं ठरवलं. मान खाली घातली आणि हलला नाही. अजिबात हलला नाही.

मग म्हणाला, "दादा... झालं बघ."

उजेड गेला.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाईंचा फोन आला. "आता ही तीच खोली आहे. काय केलंत?" खोली राहिली. तू खेळशील तेव्हा जिना चढून जा, उघडी आहे.

तो माझ्याकडे खाली आला तो हातात कागद घेऊन. भिंतीवरचा. मी सदऱ्यातून बल्ब काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका, काल तुम्ही हे चित्र चष्मा लावून बघितलं होतं ना?"

"हो."

"किती सावल्या होत्या?"

"एक."

त्यानं कागद माझ्या हातात दिला. बाईंच्या कॉम्प्युटरवर मूळ चित्र आहे, त्यात आजही एकच आहे. मी विचारून घेतलं. हा कागद पाण्यानं भिजलेला नाही, यावर कोणी पेन्सिल लावलेली नाही. मी खोडरबरही फिरवून बघितला. शाई छापलेलीच आहे.

घे. पाकिटातून काढ, हळू. आता लाव ट्यूब आणि मोज.

"...दोन."

हं. बसलेली आहे ती दिवेवाल्याची. मागे जी उभी आहे, तिचा हात बघ कुठे आहे.

"खांद्यावर."