एका वेळी एकच पाकीट

गारा सुरू झाल्या आणि सर्बियातल्या चाचाक शहरातल्या एका औषधांच्या दुकानात एक उंच तरुण ट्रम्पेटची पेटी सांभाळत शिरला. टोपी कानांपर्यंत ओढलेली. काउंटरमागच्या यास्नापुढे त्याने डॉक्टरांची चिठ्ठी उपडी ठेवली.

"केसांसाठी आहे," तो पुटपुटला. "म्हणजे... मित्राच्या."

यास्नाने चिठ्ठी उलटून वाचली. "मित्राचं नाव मिलुतिन? पेटीवरही तेच दिसतंय."

बिचाऱ्याने निमूटपणे टोपी काढली. यास्नाला हसू आवरेना. "एवढंच? मला वाटलं, पार गोटा झालाय!"

"हसा! लग्नात वाजवतो मी. पाहुणे खूश झाले की कपाळावर नोटा चिकटवतात. आता बँडवाले म्हणतात, तुझ्याकडे जागाच जागा!"

"रोज एक गोळी," यास्ना कशीबशी गंभीर झाली. "केसांची मुळं बारीक करणारं हार्मोन ती कमी करते. पण घाई नको, चार-सहा महिने लागतात. काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. आणि बंद केलीत, तर कमावलेलं सगळं हळूहळू गळून जाईल."

चिठ्ठी सहा महिन्यांची होती, तरी त्याने एकच पाकीट नेलं. पुढच्या महिन्यातही एकच. दर वेळी तो डोकं वाकवायचा, ती निरखून पाहायची... आणि तो गेला की उगाच गुणगुणत बसायची. पाचव्या महिन्यात कपाळाच्या वर बारीक लव दिसायला लागली होती.

नेमकी तेव्हाच तिची क्राल्येवोला बदली झाली. शेवटच्या दिवशी सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. तो आज आलाच नाही तर?

तो आला. तिने सांगितलं. मिलुतिनने चिठ्ठी परत खिशात घातली.

"मग राहू दे."

"राहू दे काय? वेड लागलंय का? गळतील सगळे!"

"गळू देत. सहाही पाकिटं पहिल्याच दिवशी मिळाली असती, यास्ना. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं." ती म्हणाली. "म्हणून तर मी कधी बोलले नाही..."

मग तिने हात पुढे केला. "द्या इकडे ती चिठ्ठी. उरलेली दोन्ही पाकिटं आजच न्या. आणि शनिवारी क्राल्येवोला या — मला भेटायला."

"शनिवारी लग्नात वाजवायचंय."

"मग मीच तिथे येते. एका गाण्याला ट्रम्पेट खाली ठेवायचा आणि माझ्याबरोबर नाचायचं."

"बँडवाले मारतील मला."

"मारू देत."

"आणि... एकच गाणं?"

"आधी तेवढं तर नीट नाचून दाखवा," यास्ना म्हणाली.