आवाज आढळला नाही

"आवाज कधी येतो?" मेकॅनिकनं विचारलं.

"चढावर."

"कसा?"

"किणकिण... म्हणजे लांबून कुणीतरी बांगड्या वाजवाव्यात तसा."

तो थांबला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोटारसायकलकडे. "हिला या वयात बांगड्यांची हौस?" तो म्हणाला, पण चेहरा असा की हसावं की नाही तेच कळेना.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गावभरच्या लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. मोटारसायकल दादाची. बोटीवरच्या नोकरीला जाताना किल्ली माझ्या हातात देऊन तो म्हणाला होता, "शोरूमशिवाय कुठे दाखवू नकोस. बाहेरचे मिस्त्री हिचा नट तिला लावतात." मागच्या सीटवर रबरी पट्ट्यानं बांधलेला एक निळा पत्र्याचा डबा असायचा. त्यात बर्फ आणि काचेच्या छोट्या बाटल्या.

शोरूमच्या पुढच्या भागात नव्या गाड्या नटून उभ्या असत. मागे काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे वर्कशॉप. काचेवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, 'ग्राहकांनी आत येऊ नये.' काय बिघडलंय ते काउंटरवरच्या बाईंना सांगायचं, त्या जॉब कार्डावर लिहून आत पाठवायच्या आणि आपण खुर्चीत बसून काचेतून आपल्या गाडीचे हाल बघायचे. मेकॅनिक बाहेर यायचा तो एकाच कारणानं. जो आवाज फक्त रस्त्यावर येतो, त्यासाठी त्याला मालकाबरोबर ट्रायल घ्यावी लागे. आणि दोष सापडला नाही तर पैसे पडत नसत.

"तुम्हीच चालवा," तो म्हणाला. "आवाज तुमच्या हाताला येतो ना? मी मागे बसून ऐकतो."

मागे डबा होता. त्यानं पट्टा सोडवला, डबा मांडीवर घेतला आणि बसला. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे लंबू म्हणत. ते मला लगेच पटलं, कारण त्याचे गुडघे दोन्ही बाजूंनी एवढे बाहेर आले होते की सायकलवाले आम्हाला वाट देत होते.

पाण्याच्या टाकीपर्यंत चढ होता. आम्ही चढलो, आणि आवाजाचा पत्ता नाही.

"येतोय?" मागून प्रश्न आला.

"नाही."

"आता?"

"...नाही. म्हणजे मी खोटं बोलते असं वाटत असेल तुम्हाला."

"तुम्ही कशाला? गाडीच लबाड. माणूस बघून गप्प बसते."

त्याच्या शर्टाला पेट्रोलचा आणि साबणाचा असा मिळून एक वास होता. उतारावर वारा पुढून येत होता, तरी मला तो वास येत होता. कसा, ते मी आजही सांगू शकणार नाही.

परत आल्यावर त्यानं गाडी आत नेली, तपासून, धुऊन बाहेर आणून लावली आणि कार्डावर लिहिलं : आवाज आढळला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा आणावी.

काउंटरवरच्या बाईंनी ते चष्म्यावरून वाचलं. "बिल काही नाही," त्या म्हणाल्या. "असं गिऱ्हाईक आम्हाला परवडायचं नाही हं."

डबा पुन्हा बांधून मी फाटकाबाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या चढाला लागले... किणकिण.

पण मला सांगायचं आहे ते आरशाचं. गाडीला परका हात लागला की उजवीकडचा आरसा फिरतोच. धुणारे तर तो हमखास आभाळाकडे करून ठेवतात. त्या दिवशी मी सवयीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आरसा जागेवर होता. मागचा रस्ता सरळ, स्वच्छ दिसत होता. लंबू माझ्याहून दीड वीत उंच. म्हणजे आरसा माझ्या डोळ्यांना लावायचा तर त्याला सीटवर बसून, पाठ वाकवून, मान खाली घालून माझ्याएवढं व्हावं लागलं असणार. हे लक्षात आलं आणि मी जिथे वळायचं तिथे वळायचीच विसरले.

मग शनिवार सुरू झाले.

दर शनिवारी दुपारी मी नमुने पोचवून, रिकाम्या बाटल्यांचा डबा घेऊन शोरूमवर जाई. वर्कशॉपच्या पोरांनी माझं नाव किणकिणबाई ठेवलं होतं. मी आले की आत कुणीतरी स्पॅनरनं पेट्रोलच्या टाकीवर हलकेच वाजवायचं, आणि काचेपलीकडे एक मान वर व्हायची.

ट्रायलवर आम्ही काय बोलायचो? आवाजाबद्दलच.

"आज कशी आहे तब्येत?" तो विचारी.

"गाडीची?"

"गाडीबद्दल कार्डात लिहिलंय. जे कार्डात लिहीत नाहीत ते विचारलं."

"मग तेही आढळलं नाही असं लिहा."

एकदा टाकीपाशी पोचलो आणि भुरभुर पाऊस आला. त्यानं डबा शर्टाखाली घेतला. स्वतः भिजत राहिला.

"अहो, रिकाम्या बाटल्या आहेत त्यात," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. आणि लगेच दुसरीकडे बघू लागला, नको ते बोलून गेल्यासारखा. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

कळलं ते आठवड्यानं, तेही अर्धंच. डब्याच्या तळाला गंज धरला होता म्हणून मी आत एक जाड फडकं अंथरलं, बाटल्यांच्या मधेही चार घड्या खोचल्या. शुक्रवारी अख्खा दिवस फिरले. पाचही चढ चढले. आवाज नाही. शेवटच्या दवाखान्याच्या दारात मी गाडी बंद करून उभी राहिले. किणकिण गाडीची नव्हती. बाटल्यांची होती. तो डबा मांडीवर घट्ट धरून बसे, म्हणून बाटल्या हलत नसत, म्हणून आवाज येत नसे. शोरूममधला सगळ्यात हुशार मेकॅनिक, दोन महिने मांडीवर आवाज घेऊन आवाज शोधत होता.

मी ते फडकं काढलं, घडी केली आणि पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

पण गाडी म्हटली की आवाजापलीकडेही खर्च असतात. सहामाही सर्व्हिसिंग झालं आणि त्याचं बिल बाबांच्या हाती लागलं. बाबा शिंपी. बिलसुद्धा ते शिवण तपासावी तसं बोट फिरवत वाचायचे.

"ऑइल, प्लग, क्लचची केबल... ठीक. पण मजुरी एवढी? कोपऱ्यावरचा मिस्त्री याच्या अर्ध्यात करतो."

"तो हिचा नट तिला लावतो, बाबा."

"आणि हे दर शनिवारचं काय असतं?"

"ते फुकट आहे."

"शोरूममध्ये फुकट?" बाबांनी चष्मा काढला. "मग तर मला बघायलाच हवं."

त्याच सुमारास दादाचं पत्र आलं होतं. त्याला परतायला अजून तीन वर्षं होती, आणि गाडी जड जात असेल तर विकून टाका, असं त्यानं लिहिलं होतं. पुढच्या शनिवारी बाबा माझ्यामागे डबा घेऊन बसले. चढावर आवाज आला नाही हे सांगायला नकोच.

काउंटरवर त्यांनी सरळ लंबूला बाहेर बोलावून घेतलं. "हे बघ बाळा, मी कपडा बघून सांगतो की उलटवून शिवण्यासारखा आहे की पायपुसणं करायचा. तू गाडीचं तसं सांग. ठेवण्यासारखी आहे का?"

तो माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघत होते. एक शब्द पुरे होता. आहे. तेवढं म्हणाला असता तर सगळे शनिवार आमचेच होते. बाबांनी ऐकलं असतं, कारण कारागिराचा शब्द ते कधी मोडत नसत.

त्यानं हात पुसले. फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"नाही," तो म्हणाला. "इंजिनातला क्रँक गेलाय आतून. सर्व्हिसिंगच्या वेळी शंका आली होती, काल अशीच लक्षणं असलेली दुसरी गाडी उघडली तर तेच निघालं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल. आणि नाही केली तर एखाद दिवशी चालता चालता चाक जाम होईल. या... एकट्या असतात रस्त्यावर. विकून टाका."

मला त्यातलं 'विकून टाका' एवढंच ऐकू आलं.

शोरूमनं गाडी मोडीच्या भावानं ठेवून घेतली. मी डबा सोडवला, पट्टा गुंडाळला आणि रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं नाही. पाहायला आरसा नव्हता.

प्रयोगशाळेनं मग एक व्हॅन घेतली. मी ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसू लागले. व्हॅन शोरूमवरून जायची, सकाळी एकदा, दुपारी एकदा. काचेत नव्या गाड्या दिसत, त्यांच्यामागे दुसरी काच, आणि तिच्यामागे काहीतरी हलल्यासारखं. तेवढ्यात सिग्नल सुटे. एवढ्याशा हालचालीवर मी दिवस काढत होते. वाटे, त्याला खरंच काही नव्हतं. असतं तर 'नाही' इतक्या सहज कसं म्हणाला? मग आठवे, सहज कुठे, दहाही बोटं पुसून मग म्हणाला. डब्यात मी पुन्हा कधी फडकं घातलं नाही. व्हॅनमध्ये बाटल्या वाजायच्या.

"बेटा, काहीतरी खोच त्यात," काका म्हणायचे. "डोकं उठतं."

"असू दे ना, काका."

असे चार महिने गेले.

एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाबांनी दार उघडलं. मी आत काजं करत बसले होते.

"काय रे, आता कुणाची गाडी मोडीत काढायला आलास?" बाबांचा आवाज.

"एक कार्ड बाकी राहिलंय," लंबूचा आवाज. सुई माझ्या बोटात गेली. "दोष न शोधता बंद करता येत नाही. गिऱ्हाइकाची सही लागते."

मी बाहेर आले. तो चौकटीच्या खाली मान वाकवून उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"गाडी तर गेली," मी म्हटलं. "आता दोष कशाचा?"

"आवाज गाडीचा नव्हता. बाटल्यांचा होता." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला दुसऱ्या शनिवारीच कळलं होतं. सांगायला हवं होतं... लिहिलं नाही."

"मला आठव्या शनिवारच्या आदल्या दिवशी कळलं," मी म्हटलं. "मीही सांगितलं नाही."

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. लंबूनं कागद उलगडला. आत माझा उजवीकडचा आरसा होता.

"चार महिने लागले हा आणायला?" मी विचारलं.

"गाडी मागच्या आवारात पडून होती. सुटे भाग विकायला काढेपर्यंत थांबलो. आधी काढला असता तर चोरी झाली असती." त्यानं खिशातून चिठोरं काढून बाबांपुढे धरलं. "पावती आहे."

बाबांनी पावती घेतली, बोट फिरवत वाचली, घडी घालून परत दिली. मग माझ्याकडे वळले.

"गाडीचं मी याला विचारलं होतं. आता याचं तुला विचारतो. ठेवण्यासारखा आहे का?"

"उंच आहे फार," मी म्हटलं. "कापड जास्त लागेल."

"ते मी बघतो," बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी कार्डावर सही केली. तक्रारीच्या रकान्यात अजून माझेच शब्द होते, 'चढावर किणकिण.'

लग्नानंतर तो आरसा ह्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर बसवला, माझ्या उंचीला. स्वतःला भांग पाडायला रोज वाकावं लागायचं, एकेचाळीस वर्षं. "वर घ्या की जरा," मी म्हणायचे. "गाडी ज्याची, आरसा त्याच्या डोळ्याला," ते म्हणायचे, आणि वाकायचे.

ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा वेणी घालायला उभी राहिले तर आरशात नुसतं कपाळ आणि पांढरे केस. हनुवटी नाहीच. आरसा सरकला असेल म्हणून हात लावून पाहिला, तर जिथल्या तिथे घट्ट. मीच दोन बोटं बुटकी झाले होते.

खणातून ह्यांचा पाना काढला. नटाला लावला. ते असते तर गुडघे मोडून, पाठ वाकवून आधी माझ्या नव्या उंचीला आले असते, आणि मग फिरवला असता.

मी पाना पुन्हा खणात ठेवला, आणि टाचा उंचावून वेणी घातली.