खोट्याची घंटा

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. पटू नयेच. पार्सन्स वेल गावात पटण्यासारखं बोलणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. इथं माशा एवढ्या की वारा पडला तर गाडीवरचे झेंडे माशाच फडकवतात. आणि डॉटच्या पबात गल्ल्यावर गाईच्या गळ्यातली एक घंटा टांगलेली आहे. कुणी थाप मारली आणि ऐकणाऱ्यानं ती पकडली, की घंटा वाजवायची, मोठ्यानं "खोटं!" म्हणायचं, आणि थापाड्यानं सगळ्यांना बिअर पाजायची.

सोमवारी संध्याकाळी ती घंटा नेरिडा पाइकनं वाजवली. नेरिडा ही गावातली एकुलती एक पोलीस. मंगळवारी सकाळी त्याच थापाड्याचं डोकं तिला गाडीच्या सीटवर फुटलेलं बघावं लागलं.

रेडिओवर डार्बीचा आवाज आला. डार्बी तिचा धाकटा भाऊ.

"ताई, थोरलीवर ये. पाहुणा मेलाय."

"मेलाय म्हणजे?"

"तोंडच राहिलं नाही गं त्याचं."

थोरली म्हणजे गावाबाहेरची सगळ्यात उंच वाळूची टेकडी. लाल, उभी, माज असलेली. डार्बीचा धंदा तिच्यावरच चालायचा. पाहुण्यांनी आपापल्या गाड्या आणायच्या, टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसाव्यात म्हणून त्यांवर उंच काठीला झेंडा लावायचा, पुढं डार्बी, मागं म्हातारा क्लॅरी, आणि न्याहारीपासून जेवणापर्यंत वाळवंटात एक चक्कर. आजचे पाहुणे मेलबर्नचे होते, ट्रेंट हॉलोवे आणि त्याची बायको सिमोन.

नेरिडा पोचली तेव्हा सिमोन फावड्यानं डार्बीला हाणत होती. डार्बीचा कान फाटून लोंबत होता आणि तो हातही वर करत नव्हता. क्लॅरीनं बाईला मागून मिठी मारून धरलं होतं. त्याच्या शर्टावर छातीपर्यंत रक्त होतं.

"ट्रेंटला बाहेर काढायला गेलो होतो, पोरी," क्लॅरी म्हणाला. "उपयोग नव्हता."

ट्रेंटची पांढरी गाडी चढावर, माथ्याच्या जरा खाली, चाकं गाडून बसली होती. बॉनेट बंद. समोरच्या काचेला कलिंगडाएवढं भोक. आत ट्रेंट. नाकाच्या जागी खड्डा, दात शर्टाच्या खिशात. मांडीवर मुठीहून मोठा लोखंडी ठोकळा आणि त्याला अडकवलेल्या जाड पट्ट्याचं टोक. ते पाहून नेरिडाच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ती थुंकली आणि कामाला लागली.

काय झालं ते वरवर तरी उघड होतं. रुतलेली गाडी ओढताना पुढच्या गाडीच्या मागल्या खोबणीत हा ठोकळा सरकवतात, आरपार खीळ घालतात, आणि ताणणारा पट्टा ठोकळ्याला बांधतात. खीळ नसली तर ठोकळा निसटतो आणि ताणलेला पट्टा त्याला गोफणीसारखा मागं फेकतो.

"खीळ घातली होतीस?" तिनं भावाला विचारलं.

"घातली. वर कडीसुद्धा लावली."

"मग कुठाय?"

डार्बीनं आपल्या गाडीच्या रिकाम्या खोबणीकडं पाहिलं.

"पुढं सांग."

"पट्ट्यावर जड घोंगडी टाकली. याचं बॉनेट उघडून उभं केलं, नेहमीसारखं, काही उडून आलं तर काचेऐवजी त्यावर आदळावं म्हणून. मग माथ्यापलीकडं जाऊन माझ्या गाडीत बसलो. तिथून मागचं काही दिसत नाही. क्लॅरीनं रेडिओवर 'ओढ' म्हटलं, मी ओढलं."

"झटका बसला?"

"तेच तर. काहीच नाही. मोकळी गाडी पळावी तशी पळाली."

"बॉनेट तर बंद आहे, डार्बी."

"मी उघडलं होतं, ताई. आईची शपथ."

क्लॅरीनं मान खाली घातली. "पोराला बोलू नकोस. विसरतो माणूस."

वरिष्ठांनी फोनवर फार वेळ घेतला नाही. "मार्गदर्शक कोण? तुझा भाऊ? मग तू कशाला हात लावायचा नाहीस. दुपारच्या विमानानं मी येतो. निष्काळजीपणानं जीव घेतला म्हणून त्याला घेऊन जाईन."

डार्बीची बायको सात महिन्यांची गरोदर होती. हे वरिष्ठांना सांगून काय उपयोग? नेरिडानं डार्बीच्या कानाला पट्टी बांधली, त्याला चौकीच्या एकुलत्या कोठडीत बसवलं आणि परत थोरलीवर आली. हात लावायचा नव्हता. तिनं लावला.

गाडीभोवतीच्या वाळूत बाईच्या पावलांचा माग नव्हता. बॉनेटवर एक ओरखडा नव्हता. तिनं ते उघडलं. इंजिनावर काचेचा चुरा पसरला होता, ऊन पडताच चमकला. मधल्या नळीवर काळे ठिपके होते, तव्यावर रस्सा सांडून करपावा तसे. तिनं नखानं एक खरवडला. आत तांबडं होतं.

तिनं बॉनेट परत लावलं आणि गावात आली.

सिमोन पबाच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसली होती.

"तुमचं नवऱ्याशी पटत होतं?"

"मी त्याला रोज मनात मारायचे. आज मारला नाही, विचारताय तर."

"तुम्ही कुठं होता?"

"शेजारच्या टेकडीवर, पाठ करून. भांडण झालं होतं. त्याला गाडीवर झेंडा लावायचा नव्हता, तुमच्या भावानं जबरदस्तीनं लावला. त्यावरून सकाळभर मला शिव्या. नऊ वर्षांपूर्वी झेंड्याशिवाय आलो होतो, काय झालं, म्हणे."

"आवाज काय ऐकलात?"

"काच फुटली. वाटलं, रागानं त्यानंच काही आपटलं. मग इंजिन ओरडलं."

"आधी काच? नक्की?"

"बाई, मी विधवा आहे, बहिरी नाही."

तिथून नेरिडा क्लॅरीच्या शेडवर गेली. तो नव्हता. धुतलेला शर्ट दोरीवर वाळत होता. आत हत्यारं ओळीनं टांगलेली, आणि मागच्या भिंतीवर ताडपत्रीखाली काहीतरी. तिनं ताडपत्री उचलली. सायकल. लाल, नवी कोरी, टायरला मातीसुद्धा न लागलेली, आणि मधून पापडासारखी मोडलेली.

तिला सोमवारची संध्याकाळ आठवली.

ट्रेंट टेबलावर चढून सांगत होता. "तुम्हाला पटायचं नाही! नऊ वर्षांपूर्वी मी थोरलीवरून उडालो. झेंडा-बिंडा काही नाही, रेडिओ बंद. आणि पलीकडून एक गाडी वर येतेय! मी तिच्यावरून उडत गेलो, हो! माझं चाक तिच्या टपाला घासलं. आणि टपावर काय बांधलेलं? लाल सायकल! वाळवंटात सायकल! मी तिची घंटा वाजवून गेलो, ट्रिंग!"

पब हसून लोळला. सायकलीवर तर सगळेच फुटले. नेरिडानं उठून घंटा बडवली. "खोटं!" ट्रेंटनं सगळ्यांना पाजलं. क्लॅरीही हसत होता. आपली बिअर मात्र त्यानं तशीच ठेवली होती, हे तिला आत्ता आठवलं.

ती पबात शिरली तेव्हा क्लॅरी गल्ल्यापाशी उंच स्टुलावर बसला होता. गावातला सगळ्यात मोठा थापाड्या. सगळे त्याच्याभोवती. ही गोष्ट तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता आणि ती दर खेपेला वाढत होती.

"मी खाली, माझ्या गाडीपाशी. ठोकळा माथ्यावरून आला, काळ्या काकाकुव्यासारखा, शीळ घालत! बॉनेट खालीच होतं, पोरगं विसरलं ना. काच फुटली आणि बॉनेटवर साखरेसारखी सांडली!"

नेरिडा टोप्यांमधून वाट काढत गल्ल्यापाशी गेली. हात वर केला. घंटा वाजवली.

हसू अर्ध्यावर राहिलं.

"हे काय, पोरी?" क्लॅरी म्हणाला. "माणूस मेलाय. यावर घंटा?"

"तू गाडीच्या मागं, खाली होतास. काच गाडीच्या पुढं. तुला सांडलेली काच कशी दिसली?"

"उजेडात चमकली."

"बॉनेटवर काचेचा कणही नाही. काच बॉनेटच्या खाली आहे, इंजिनावर. रक्तही तिथंच करपलंय. बंद बॉनेटच्या आत काच कशी गेली, क्लॅरी?"

कुणी ग्लास खाली ठेवला.

"काच फुटली तेव्हा बॉनेट उभं होतं. डार्बी विसरला नव्हता. आणि बॉनेट उभं असताना ठोकळा उडत आला असता तर आधी बॉनेट फाटलं असतं. त्यावर ओरखडा नाही. म्हणजे ठोकळा उडालाच नाही. तो कुणाच्या तरी हातात होता."

"बायकोच्या असेल."

"बायको शेजारच्या टेकडीवर, तिच्या पावलांचा माग गाडीपर्यंत येतच नाही. डार्बी माथ्यापलीकडं. राहिला कोण? डार्बी गाडीत बसला. तू माथ्यावर गेलास, मागून खीळ उपसलीस, ठोकळा काढून घेतलास. त्याला कळायचं कारण नाही. पट्टा ओढत खाली आलास. ट्रेंटची खिडकी उघडी होती. उभं बॉनेट हा तुझा आडोसा, वरून कुणी डोकावलं तरी दिसला नसतास. तोंडावर किती घाव घातलेस ते तुलाच ठाऊक. मग बाजूनं काच फोडलीस, ठोकळ्यावरचं रक्त इंजिनावर उडालं. आणि मग बॉनेट लावलंस, नाहीतर ही गोष्टच बनत नव्हती. ठोकळा आत टाकलास आणि रेडिओवर 'ओढ' म्हणालास. म्हणून डार्बीला झटका बसला नाही. पट्टा त्याच्या गाडीला जोडलेलाच नव्हता. म्हणून सिमोनला काच आधी ऐकू आली, इंजिन मागून."

"आणि मी त्याला कशाला मारीन? काल पहिल्यांदा पाहिला."

"ताडपत्री उचलली मी, क्लॅरी."

क्लॅरीची बाटली गल्ल्याच्या कडेवर फुटली आणि तिचा दातेरी गळा नेरिडाच्या गळ्याकडं आला. तिनं हात आडवा घातला. कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं. दोघं खाली कोसळली, स्टूल मोडलं, म्हाताऱ्याचे दोन्ही अंगठे तिच्या डोळ्यांत रुतू लागले. तिनं गुडघा वर घातला, मग डोक्यानं त्याच्या नाकावर दिलं. काहीतरी कडकडलं. तिसऱ्या टोल्याला क्लॅरी थांबला. हरून नाही. रडायला लागला म्हणून.

कुणीतरी टॉवेल आणला. नेरिडानं हाताला गुंडाळला आणि तशीच त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"तुझी मुलगी टेस," ती म्हणाली. "मी या गावात येण्याआधी गेली. थोरलीवर गाडी उलटून गेली, असं मला सगळ्यांनी सांगितलं."

"उलटली नव्हती." क्लॅरीच्या नाकातून बोलताना बुडबुडे येत होते. "टप आत गेला होता. मी बोंबललो, दुसरी गाडी होती म्हणून. तुझ्या आधीचा पोलीस म्हणाला, म्हाताऱ्या, तुझ्या थापा पुरे. अख्ख्या गावाला तेच वाटलं."

"सायकलीचं कुणाला ठाऊक नव्हतं?"

"पोलीस यायच्या आत मीच सोडून नेली. माझ्यासाठी आणली होती तिनं. साठीची भेट. वाळवंटात सायकल! माझीच पोर ना, थट्टा करायची." तो हसला, रक्त थुंकला. "तीन तास जिवंत होती, डॉक्टर म्हणाला. तो गाडीवाला थांबला असता तर. आणि काल तो टेबलावर चढून म्हणतो, ट्रिंग."

"आणि मी घंटा वाजवली," नेरिडा म्हणाली.

"तू वाजवलीस. सगळे हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं, आणि सगळे हसले."

लांबून विमानाची घरघर आली. पत्र्याचं छप्पर थरथरलं. पबातले सगळे एकदम आपापल्या बुटांकडं बघू लागले. ज्यांनी त्याला नऊ वर्षं थापाड्या म्हटलं होतं, त्यांतला एक जण डोळे पुसत होता.

क्लॅरीनं वर पाहिलं. नाक वाकडं, डोळे लाल, पण आवाजात तीच जुनी गोडी आली, गोष्ट रंगवायच्या आधीची.

"डार्बीला मी अडकू दिलं नसतं, पोरी. हे विमान उतरायच्या आत येऊन तुला सगळं सांगणारच होतो."

गल्ल्यामागं डॉट उभी होती. पबाची मालकीण, क्लॅरीची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं स्वतःच्या घंटेला आजवर कधी हात लावला नव्हता. गिऱ्हाइकाला खोटं म्हणू नये, असं तिचं म्हणणं.

डॉटनं हातातलं फडकं खाली ठेवलं. हात वर केला आणि घंटा एकदाच वाजवली.

"खोटं," ती म्हणाली.