ओवीचा श्वासठसा

देवरुखच्या शाळेत हजेरीआधी मुलं एकामागून एक श्वास तपासणाऱ्या नळीत फुंकर मारायची. आता त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. त्या सकाळी आठ वर्षांच्या ओवीने फुंकर मारली आणि नळीवरचा दिवा नारिंगी झाला. बाईंनी तिच्या आईला, मृण्मयीला, बोलावून घेतलं.

ओवीला खोकला होताच, नव्या घरात आल्यापासून. बदललेल्या हवेचा असेल म्हणून मृण्मयी तिला आल्याचं चाटण देत होती.

दवाखान्यात डॉ. फरहत मुकादम यांनी ओवीचा अहवाल पडद्यावर उघडला. "फुफ्फुसाला सूज आहे. घरातल्या बुरशीमुळे. कुठल्या तरी भिंतीत पाणी मुरत असणार. बुरशीचे कण दिसत नाहीत, पण श्वासावाटे रोज आत जातात. काही मुलांचं शरीर त्यांच्याशी झगडत राहतं आणि त्यात फुफ्फुसच जायबंदी होतं."

"पण भिंती कोरड्या आहेत, डॉक्टर. माझ्या भावाने नवा रंग लावून दिलाय. घर त्याच्याकडूनच घेतलंय आम्ही."

डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "प्रत्येक घरातली बुरशी तिथल्या गिलाव्यावर, रंगावर वाढताना थोडी बदलते. तिच्या जनुकांवरून घर ओळखता येतं, म्हणून या तपासणीला श्वासठसा म्हणतात. ओवीचा ठसा आमच्या एका जुन्या रुग्णाच्या ठशाशी तंतोतंत जुळतोय. नाव मी सांगू शकत नाही. पण त्या घरच्यांना आम्ही तेव्हाच सांगितलं होतं, भिंत फोडा नाहीतर घर सोडा."

नावाची गरजच नव्हती. इमारत उभी राहिल्यापासून त्या घरात दोनच कुटुंबं राहिली होती, आधी तिच्या भावाचं आणि आता तिचं.

ओवीला सासूबाईंकडे ठेवून मृण्मयी तडक रत्नागिरीला गेली. दार तिच्या भावाने, संदेशनेच उघडलं.

"दादा, तुझ्या जुईला काय झालं होतं?"

"दम्यासारखं काहीतरी. बरी आहे आता."

"त्या घरामुळे?"

वहिनी उठून आत गेल्या.

"ओलरोधक थर मारून घेतला होता गं," संदेश म्हणाला. "वाटलं, त्याने थांबेल."

"डाग झाकला गेला. पाणी आत मुरतंच आहे."

"सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही..."

"होतो की नाही, ते माझ्या ओवीवर बघणार होतास?"

आतल्या दारात जुई येऊन उभी होती. तेरा वर्षांची पोर, चेहरा पांढराफटक.

"आत्या, ओवीच्या वाढदिवसाला मी आले नाही, तेव्हा मला ताप वगैरे काही नव्हता. बाबा मला त्या घरात पाठवणारच नव्हते."

"जुई, आत जा!" संदेश ओरडला. ती हलली नाही.

मृण्मयीने तिला जवळ घेतलं. भावाकडे मात्र तिला बघवेना. त्याचं पाणीसुद्धा न घेता ती निघाली.

आठवड्याभरात मृण्मयीचं कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत आलं. गवंड्याने न्हाणीघराला लागून असलेली भिंत फोडली. ओवीचा पलंग होता त्याच्या उशाशी, रंगामागे, सगळा गिलावा काळा पडला होता. गळका पाइप बदलला. औषधाने ओवीचा खोकला उतरू लागला. पूर्ण बरी होईल का, हे डॉक्टरांनाही आत्ताच सांगता येत नव्हतं.

मृण्मयीने लेकीला मामाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. पण ओवी आणि जुई संध्याकाळी फोनवर बोलायच्या. अशाच एका संध्याकाळी फोन ठेवून ओवी आईजवळ आली, हातात औषधाचा पंप.

"आई, जुईताईला पण हाच पंप होता. ती पण माझ्या त्याच खोलीत झोपायची." तिने पंप आईसमोर धरला. "मग मामाला माहीत होतं?"